मदत हवी आहे: ‘सिली’ या शब्दाच्या जुन्या अर्थाला मराठी प्रतिशब्द

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील गिरणीवाल्याच्या कथेचा मराठी अनुवाद करताना एका विशेषणापाशी अडलो आहे. ऑक्सफर्डच्या ज्या सुताराला त्याची तरुण बायको आणि घरातला भाडेकरू विद्यार्थी मिळून फसवतात, त्याला कवी वारंवार ‘सेली’ म्हणतो. आजच्या ‘सिली’चे हे पूर्वरूप. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान असा होता (जर्मन ‘झेलिग’मध्ये धन्यतेचा अर्थ आजही टिकून आहे), पुढे तो निष्पाप, मग दीनवाणा आणि सोळाव्या शतकापासून मूर्ख असा घसरत गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या चॉसरला यांतल्या दोन-तीन छटा एकदमच हाताशी होत्या, आणि खरी गंमत तिथेच आहे.

‘मूर्ख’ म्हटले तर कणव जाते, ‘बिचारा’ म्हटले तर टोमणा जातो. ‘भाबडा’ बरा वाटतो, पण जरा गुळगुळीत. सध्या कच्च्या खर्ड्यात ‘बापडा’ लिहून ठेवले आहे. अशोकाची ‘देवानांप्रिय’ ही बिरुदावली उत्तरकालीन संस्कृतात मूर्खवाचक झाली, तशी घसरण झालेला, पण दोन्ही अर्थ अजून जिवंत असलेला मराठी शब्द कोणी सुचवू शकेल का? बोलीतला असला तरी चालेल.