भाच्याला मिलिटरी होस्टेलला टाकायचं म्हणताहेत, नाशिकमध्ये असं काही आहे का?

सिडकोतला_मामा
नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा, सोळा पूर्ण, यंदा दहावी, म्हणजे असायला हवी होती. दिवाळीनंतर शाळेत गेलाच नाही हे आम्हाला आत्ता कळलं. रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि त्रिमूर्ती चौकाजवळ एका गॅरेजवर जाऊन बसायचा. बहिणीने परवा दप्तर उघडलं तर वही एक नाही, ऑइलने काळं झालेलं फडकं आणि दहा नंबरचा पाना निघाला. त्यात मागच्या आठवड्यात ट्रिपल सीट, लायसन नाही, पोलिसांनी धरलं, मीच जाऊन सोडवून आणला. दाजी अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, ते म्हणतात मिलिटरी होस्टेलला टाका, चार महिन्यांत सरळ होईल. मी यूट्यूबवर अमेरिकेतला एक प्रोग्राम बघितला, नॅशनल गार्ड युथ चॅलेंज, त्यात अशीच शाळा सोडलेली पोरं पाच-साडेपाच महिने बराकीत राहतात, पहाटे उठणं, कवायत, अभ्यास सगळं, आणि फुकट. असं आपल्याकडे काही आहे का? फी किती वगैरे कोणाला माहीत असेल तर सांगा.

देवळाली_रिटायर्ड
मामा, आर्टिलरीतून हवालदार म्हणून रिटायर झालोय, नाशिकरोडच्या सेंटरला रंगरूट शिकवलेत म्हणून बोलतो. लोकांचा एक गैरसमज आहे की सैनिकी शाळा म्हणजे बिघडलेली पोरं दुरुस्त करायचं वर्कशॉप. तसं नाहीये हो. सैनिक स्कूलला सहावीत आणि नववीत प्रवेश, तोही परीक्षा देऊन. आपली नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल 1937 पासून आहे, तीपण शाळाच आहे, सुधारगृह नाही. सोळाव्या वर्षी दहावीच्या मध्यात कोणी घेत नाही.
आणि दुसरं, रंगरूट जो येतो तो स्वतः धावून, घाम गाळून, भरती होऊन आलेला असतो. त्याला रगडा दिला तरी तो रात्री कांबळ्याची घडी कडेला कड लावून घालतो कारण त्याला तिथे राहायचंय. ज्याला राहायचंच नाही त्याच्याकडून मी घडी घालून घेईन हो, पण मी पाठ फिरवली की काय?

म्हसरूळची_आई
काका बरोबर बोलले. आम्ही ही चूक केलेली आहे म्हणून लिहिते. नाव नाही घेत, शहराबाहेर एक ॲकॅडमी होती, जाहिरातीत कमांडो ड्रेस, शिस्त, संस्कार, सगळं. वर्षाची फी एकदम भरून घेतली. चार महिन्यांनी मुलगा घरी आला, पंधरा दिवस पाचला उठायचा, पांघरूण घडी करायचा, मला तर रडूच आलं कौतुकाने, सोळाव्या दिवसापासून परत तोच कट्टा तेच मित्र. आंघोळीच्या वेळी पोटरीवर वळ दिसले तेव्हा कळलं आत काय चालायचं. फी परत मिळाली नाही, ते सोडा, पण पोरगं अजूनही म्हणतं तुम्ही मला टाकलं होतं. "टाकलं" हाच शब्द वापरतो. मामा तुम्हीपण तोच लिहिलाय बघा.

समुपदेशक_गंगापूर_रोड
तो अमेरिकेतला प्रोग्राम मी जरा वाचलेला आहे. 1993 पासून चालू आहे, 16 ते 18 वयाची, शाळा सोडलेली किंवा सुटायच्या मार्गावर असलेली मुलं घेतात. पण व्हिडिओत फक्त कवायत दिसते, खरी गोम वेगळीच आहे. एक, मुलाने स्वतः अर्ज करायचा, कोर्टाने किंवा बापाने ढकललेलं चालत नाही, आणि पुढे सैन्यात जायची सक्तीही नाही. दोन, आतले 22 आठवडे झाले की पुढे वर्षभर एक मोठं माणूस त्याच्या मागे असतं, नोकरी, अभ्यास, भेटीगाठी बघायला, आणि ते माणूस शक्यतो मुलाने स्वतःच सुचवायचं, आपल्या गावातलं, ओळखीतलं. ताईंच्या मुलाला पंधरा दिवस पुरले ते याच्यामुळेच, घरी आल्यावर मागे कोणी नव्हतं.
तिकडे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून अभ्यासही झाला. तीन वर्षांनी प्रोग्राममधल्या 72 टक्के मुलांकडे बारावीसारखं सर्टिफिकेट होतं, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यात 56 टक्के, कमाईपण थोडी जास्त. मात्र गुन्हे, व्यसन यात तीन वर्षांनी म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे शिक्षण आणि कामधंद्याला फायदा झाला, "पोरगं सरळ होईल" ही जी दाजींची अपेक्षा आहे तिची गॅरंटी तिथेही नाही. नुसते धाक दाखवणारे बूट कॅम्प तर तिकडेच बदनाम झाले.
आपल्याकडे ह्याचीच कॉपी असलेलं सरकारी काही मी बघितलेलं नाही. पण मला विचाराल तर तुमच्या पोस्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तो पाना. दोन-तीन महिने रोज वेळेवर कुठे जातोय तो?

अंजनेरी_ट्रेकर
एनसीसीला घाला ना, वर्षाला दहा दिवसांचा कॅम्प असतो, मस्त असतं. अर्थात त्याला आधी शाळेत जावं लागेल 😅

सिडकोतला_मामा
सगळ्यांचे आभार. "टाकलं" वाचून जरा लागलं, खरंय ते.
काल संध्याकाळी गॅरेजवर जाऊन बसलो, काही बोललो नाही, चहा मागवला. हा स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडून बसलेला, जेट फुंकून बघत होता, हात इतके सावकाश, घरी ताट ठेवतो तरी आपटून ठेवतो. मिस्त्री म्हणाला पोरगं साडेनऊला दार उघडायच्या आधी हजर असतं, पैसे अजून एक रुपया मागितला नाही. येताना गाडीवर मागे बसून हाच बोलला, मामा, गणितात बसून काही कळत नव्हतं, सर सगळ्यांसमोर उभं करायचे. आईला सांगू नको म्हणाला.
दाजी अजून होस्टेलवरच आहेत, त्यांच्याशी रविवारी बोलणार. एक सांगा, 17 नंबरचा फॉर्म भरून पुढच्या वर्षी बाहेरून दहावी देता येईल ना, त्यासाठी आत्ताच शाळेतून दाखला काढावा लागतो का? आणि सातपूरच्या आयटीआयला दहावी नापासवर कुठले ट्रेड आहेत, वेल्डर-वायरमन ऐकलंय, पण ह्याला गाड्यांचंच पाहिजे.

समुपदेशक_गंगापूर_रोड
हो, दाखला लागतो. पण तो काढायला त्यालाच सोबत घेऊन जा, आणि त्या मिस्त्रींचा नंबर स्वतःजवळ ठेवा.