इंग्लंडचे फलंदाज पन्नाशीच्या अलीकडेच का अडकतात?

थर्डमॅन:
गावर 44.25, गूच 42.58, थॉर्प 44.66, पीटरसन 47.28, कूक 45.35. कसोटी सरासरीत एकही पन्नाशीला नाही. केन बॅरिंग्टन 1968 मध्ये 58.67 वर थांबला. त्यानंतर 50 हून जास्त कसोटी खेळून पन्नाशी राखलेला एकटा रूट. ट्रॉट 2010-11 च्या ॲशेसनंतर (ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका) पन्नाशीच्या बराच वर होता, संपला 44.08 वर. इंग्लंडात चेंडू हलतो म्हणावं, तर पन्नाशीच्या वर सरासरी राखलेले जुने हॅमंड आणि हटन त्याच देशात खेळले ना?

दुसरी_नवी:
आधी भागाकार करा: सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झालेले डाव. पीटरसनच्या 8181 धावा, 181 डाव, नाबाद फक्त 8, म्हणजे 173 वेळा बाद. पन्नाशीला 469 धावा कमी पडल्या, दर बादमागे पावणेतीनसुद्धा नाहीत! उलट वेस्ट इंडीजचा मधल्या फळीतला चंदरपॉल 280 डावांत 49 वेळा नाबाद, सरासरी 51.37. सलामीवीराला ही सोय नसते. आथर्टन 212 डावांत 7 वेळा नाबाद होता.
हॅमंडचं म्हणाल, तर 1933 मध्ये न्यूझीलंडात 227 आणि नाबाद 336. दोन डावांत 563 धावा, बाद एकदाच. आणि 1938 ची ओव्हलची खेळपट्टी, जिथे हटनने 364 केल्या, तिथे इंग्लंडने 7 बाद 903 वर डाव सोडला. तेव्हा त्याच देशात हे खरं, त्याच खेळपट्टीवर नव्हे.

बॅकफूट:
आकडे बरोबर, पण खरी गळती कौंटीत, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये आहे. तिथल्या ड्यूक्स चेंडूच्या सहाही शिलाई-ओळी हाताने घातलेल्या असतात, शिवण उभी राहते. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूच्या बाहेरच्या चार ओळी मशीनच्या, ती लवकर बसते. कौंटीचे बरेच सामने एप्रिल-मे आणि सप्टेंबरात, ओलसर हिरव्या खेळपट्टीवर. तिथे ताशी 120 किलोमीटरचा मध्यमगती गोलंदाजही बळी काढतो. मग फलंदाज वजन पुढच्या पायावर टाकायला आणि हात चेंडूकडे न्यायला शिकतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला त्याच टप्प्यावरचा चेंडू उसळून बॅटच्या वरच्या भागाला लागतो आणि स्लिप किंवा गलीत जातो. तिथे बॅट शरीराजवळ ठेवून उशिरा खेळावं लागतं, आणि टप्पा आखूड असेल तर सरळ सोडून द्यावं लागतं. 2021-22 च्या ॲशेसमध्ये इंग्लंडची सर्वोच्च धावसंख्या 297 होती, हा निव्वळ योगायोग नाही.
ऐन उन्हाळ्यात, खेळपट्ट्या कोरड्या पडून फिरकीला साथ देतात तेव्हा मर्यादित षटकांचे सामने. 2021 पासून ऑगस्टमध्ये द हंड्रेड ही शंभर चेंडूंची स्पर्धाही. म्हणून 2023 मध्ये कौंटीच्या काही फेऱ्यांत कुकाबुरा आणला, म्हणजे मध्यमगतीची धार जाईल आणि फिरकीपटूंना षटकं मिळतील.

थर्डमॅन:
पण कूक तर फिरकी छान खेळायचा. नागपूरला पदार्पणातच 60 आणि नाबाद 104, 2012 च्या भारत दौऱ्यात 562 धावा.

बॅकफूट:
म्हणूनच त्याची गळती भारतात नव्हती. नव्या ड्यूक्ससमोर ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर मागे झेल, ही त्याची नेहमीची अडचण. दर उन्हाळ्यात सहा-सात कसोटी घरी सलामीला खेळायच्या, म्हणजे ती परीक्षा दरवर्षी. रूट चौथ्या क्रमांकावर येतो तेव्हा बहुधा पहिली लकाकी गेलेली असते.

दुसरी_नवी:
गूचबद्दल एक राहिलं. कर्णधार म्हणून 34 कसोटींत 58.72, उरलेल्या 84 मध्ये 35.93. पदार्पणात दोन्ही डावांत शून्य, आणि पुढेही बरीच वर्षं चाचपडत. तो शेवटी घसरला नाही, सुरुवातीचं ओझं फेडत राहिला. ट्रॉट आणि गूचला एकाच रांगेत बसवू नका.