मदत हवी आहे: भुसावळच्या उन्हात मुलांच्या तोंडाला कोणतं कापड बांधावं?
एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास जातो. एसपीएफ ३०चं, झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन निघण्याआधी १५-२० मिनिटं लावतो; मोठ्यांच्या चेहरा-मानेला दोन बोटांभर, मुलांना बेताने कमी, दर दोन तासांनी पुन्हा. खरी अडचण रुमालाची. बांधला की घामासोबत मलम पुसलं जातं, शिवाय पांढरं विरळ सुती कापड भिजलं की अतिनील किरण जास्तच आत सोडतं. घट्ट विणीचं, गडद, तरी श्वास कोंडणार नाही असं कापड कोणतं? उजेडाकडे धरून पाहण्यापलीकडे दुकानात पारखायची काही खूण?

आणखी एक. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावलीच हवी. पण कडेवरच्या बाळाचे पाय उघडे पडतात आणि जाड दुपट्यात त्याला उकडतं. तुम्ही काय पांघरता?