वरच्या स्वर्गासाठी खालचं किती सोडायचं?

आजोबा गुडघे गेलेत तरी पहाटे पाचला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरत्यात, म्हणे वर जागा बुक हाय. पुरावा कुणी बघितलाय?

> १७व्या शतकातला फ्रेंच गणिती पास्कल म्हणायचा, देव मानून चाल, असला तर लॉटरी, नसला तर फारसं जात नाही. पण तिकीट कुठल्या देवाचं काढायचं भावा?

> फारसं जात नाही कसं? आमची आत्या पुण्यासाठी मटण सोडून बसली, आता पांढरा रस्सा आला की वाटी बाजूला सारती आन् वास तेवढा घेती 😄

> तुकोबांनी तर मुक्ती नको म्हणून गर्भवासच मागितला की. आजोबा दोस्तांसाठी जात असतील, एकदा सोबत जावा.

गेलतो आज. चार म्हातारे, चहाचं बिल मला.