तलवारीची तिर्री आणि 'मुळाबरहुकूम' टॅरो

पत्तेपुराण :
"टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांनी चित्रांत दडवलेले ज्ञान, आणि मी घेतलेला व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅट ही त्याची मुळाबरहुकूम प्रत," असे काल येथे एकाने लिहिले आणि खाली कौतुकाची रांग लागली. टॅरो म्हणजे ज्या चित्रांच्या पत्त्यांवरून लोक आज भविष्य पाहतात ते, आणि व्हिस्कोंती-स्फोर्झा हा पंधराव्या शतकात मिलानच्या राजघराण्यासाठी रंगवलेला त्यांचा कॅट. इजिप्तची ही कथा १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने छापली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा माणूस जगात नव्हता. शाँपोलियों यांना ती उलगडली १८२२ मध्ये. उलट, १४४० साली फ्लॉरेन्समध्ये मालातेस्ता घराण्यातील सरदारासाठी असा कॅट घेतल्याची नोंद एका नोटरीच्या रोजनिशीत आहे. हा खेळ होता. मेंढीकोटात आपण हुकूम ठरवतो, टॅरोत एकवीस हुकूम चित्रे काढूनच येतात, एवढाच फरक.
राहिली 'मुळाबरहुकूम' प्रत. मूळ कॅटाची ७४ पाने उरली आहेत : ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या कर्रारा संग्रहालयात आणि १३ एका खाजगी घराण्याकडे. सैतान, मनोरा, नाण्यांचा घोडेस्वार आणि तलवारीची तिर्री यांचा पत्ताच नाही. आपल्या डब्यातला सैतान कोणी काढला, हे एकदा डब्यावर वाचून पाहावे.

रोज एक पान :
तो कॅट घेणारी मीच. आई गेल्यानंतर सहा महिने मी कोणाशी धड बोलत नव्हते, तेव्हा रोज सकाळी एक पान उलटून त्याच्याकडे पाहत बसणे एवढाच माझा दिनक्रम होता, आणि त्याने मला सावरले. त्या पानाची पावती कोणत्या शतकातली आहे हे मी विचारले नाही, विचारणारही नाही.
तरीही तुमचे इतिहासप्रेम अर्धवट आहे. इटलीत पत्ते आले ते मामलुक सुलतानांच्या राज्यातून, म्हणजे कैरोहूनच. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील मामलुक पानांवर राजाखालच्या अधिकाऱ्याला 'नायब' म्हटले आहे, त्यावरून इटलीत पत्त्यांना 'नाइबी' म्हणू लागले. ज्यांच्या तालुक्याला नायब तहसीलदार आहे, त्यांनी तरी इजिप्तला इतके हसू नये.

पत्तेपुराण :
नायब मान्य, आणि चांगला मुद्दा आहे. मात्र मामलुक कॅटात हुकमाची चित्रे नाहीत. ती इटलीची भर, आणि तुमचे पुजारी बसले आहेत नेमके त्याच चित्रांत.

जुना कागद :
आपण दोघे मुळावर भांडत आहात, पण खरी फसवणूक नकलेत होते. मूळ पानांवर सोन्याचा वर्ख ठोकून त्यावर नक्षी उठवलेली आहे, आणि वरच्या कडेला कोणीतरी खिळ्याने भिंतीवर टांगल्याची भोके आहेत. मी महिनाभराच्या बचतीतून घेतलेल्या प्रतीत सोन्याच्या जागी हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग होता, आणि भोके 'स्वच्छ' करून बुजवलेली होती. त्याहून वाईट म्हणजे हरवलेल्या तलवारीच्या तिर्रीच्या जागी तीन तलवारींनी भोसकलेले लाल हृदय! ते १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर टॅरो कॅटातले, पामेला कोलमन स्मिथ यांचे चित्र. मिलानच्या दरबारात विसाव्या शतकातले लंडन घुसवले, आणि वर डब्यावर 'ऐतिहासिक' असे लिहिले. हरवलेली चार पाने कोरीच ठेवली पाहिजेत.

व्हिएन्नाकर :
कोऱ्या पानाने डाव कसा खेळायचा? मी व्हिएन्नात दर गुरुवारी टॅरोच्याच पत्त्यांचा, चौपन्न पानांचा टारॉक हा डाव खेळतो, आणि एक पान फाटले तर आम्ही दुकानात जातो, शोकसभा भरवत नाही. वाड्याचा एक खांब गेला तर सुतार नवा बसवतोच. फक्त त्याने तो जुना म्हणून विकू नये.
शिवाय त्या हृदयाबद्दल आपण चुकीचे रागावला आहात. तीन तलवारींनी विंधलेले हृदय पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला-बुस्का या इटालियन टॅरो कॅटात आहे. त्या कॅटाची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली, आणि स्मिथबाईंनी तिथूनच ते उचललेले दिसते. म्हणजे आपले 'लंडन' मुळात इटलीच.

जुना कागद :
सोला-बुस्का ताम्रपटावर कोरून छापलेला आहे, व्हिस्कोंती हाताने रंगवलेला. घराणे वेगळे, पिढी वेगळी. व्हिस्कोंती कॅटातील इतर तिर्र्यांमध्ये तीन पेले आहेत, तीन नाणी आहेत, प्रसंग नाही. तेव्हा तलवारीच्या तिर्रीतही तीन तलवारीच असणार. शेजारच्या घरातली मूर्ती आणून आपल्या देव्हाऱ्यात ठेवली, तर ती आपली कुलदेवता होत नाही. आणि 'शोकसभा' हा शब्द येथे अनावश्यक होता.

व्हिएन्नाकर :
शब्द मागे घेतो. तो सोला-बुस्का आता मिलानच्याच ब्रेरा संग्रहालयात आहे, २००९ पासून, तेव्हा शेजारची मूर्ती अखेर आपल्याच गावात आली म्हणायची.

रोज एक पान :
डबा पाहिला. सैतान आणि मनोरा नव्याने काढल्याचे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे. 'मुळाबरहुकूम' हा शब्द मी मागे घेते, पत्तेपुराण यांनी समाधान मानावे. तलवारीच्या तिर्रीत मात्र तीन साध्या तलवारी आहेत, हृदय नाही. जुना कागद यांनी आपला विक्रेता बदलावा.