शब्दचर्चा : ‘वजीर-ए-आझम’ला मराठीत काय म्हणावे? सोकोल्लू मेहमेद पाशाच्या चरित्राच्या निमित्ताने

प्रश्न

सोळाव्या शतकातील उस्मानी (ऑटोमन तुर्की) मुत्सद्दी आणि सेनानी सोकोल्लू मेहमेद पाशा याच्यावर मी मराठीत एक चरित्रलेख लिहीत आहे. 1565 पासून 1579 मध्ये त्याचा खून होईपर्यंत, म्हणजे सलग चौदा वर्षे, सुलेमान, दुसरा सेलीम आणि तिसरा मुराद अशा तीन सुलतानांच्या काळात, साम्राज्याचा कारभार त्याच्या हाती होता. लेख लिहिताना दोन शब्दांपाशी माझी लेखणी अडते. त्याच्या पदाला तुर्की साधनांत ‘वेझिर-इ आझम’ म्हणतात. मराठीत मी ‘पंतप्रधान’ लिहावे, ‘मुख्य प्रधान’ लिहावे की ‘वजीर’? दुसरा शब्द त्याच्या सामाजिक स्थानाचा आहे. तो सुलतानाचा ‘कुल’ होता आणि कोशात ‘कुल’चा अर्थ ‘गुलाम’ असा मिळतो. एका परिच्छेदात ‘गुलाम’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘पंतप्रधान, सुलतानाचा जावई’ असे लिहिले, तर वाचक गोंधळेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

पदाच्या नावापासून सुरुवात करतो, कारण तेथे मराठीची स्वतःची शिदोरी मोठी आहे.

‘वजीर’ हा अरबी शब्द परंपरेने ‘विझ्र’ म्हणजे ओझे या शब्दाशी जोडतात. त्या अर्थाने वजीर म्हणजे धन्याच्या कारभाराचा भार वाहणारा. कुराणात मूसा देवाकडे आपल्या घरातलाच एक वजीर मागतो आणि आपला भाऊ हारून याचे नाव घेतो. तेथे या शब्दाला पदाचा वास नसून मदतनिसाचा, खांदेकऱ्याचा अर्थ आहे. मराठीत हा शब्द दख्खनच्या सुलतानशाह्यांमधून आला आणि येताना जरा बदलला. बखरींत ‘वजीर’ आणि ‘उमराव’ हे शब्द लागून येतात, आणि तेथे वजीर म्हणजे फौजबंद सरदार असतो, दरबारातला एकमेव प्रधान नव्हे. पुढे बुद्धिबळाच्या पटावर तो राजाशेजारी बसला. आजच्या मराठी वाचकाला वजीर ओळखीचा आहे तो मुख्यतः तेथून, आणि तुर्की बुद्धिबळातही त्या सोंगटीला ‘वेझिर’च म्हणतात.

उस्मानी दरबारात वजीर एकच नसे, हे आपल्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाचे आहे. दिवाणात, म्हणजे सुलतानाच्या मंत्रिसभेत, एकाच वेळी अनेक वजीर बसत आणि त्यांना क्रम असे. सोकोल्लू 1550 च्या दशकाच्या मध्यावर तिसरा वजीर झाला, 1561 मध्ये दुसरा, आणि सेमिझ अली पाशाच्या मृत्यूनंतर 1565 च्या जूनमध्ये वजीर-ए-आझम, म्हणजे सर्वांत थोर वजीर. आपण ‘पंतप्रधान’ लिहिले, तर त्याची आधीची दहा वर्षे कोणत्या शब्दात सांगणार? ‘तिसरा पंतप्रधान’ असे लिहिता येत नाही. ‘वजीर’ आणि ‘वजीर-ए-आझम’ असे ठेवले, तर पायऱ्या आपोआप दिसतात.

याच पदाला ‘सद्र-ए-आझम’ असेही नाव आहे आणि नंतरच्या काळात तेच अधिक रूढ झाले. ‘सद्र’ म्हणजे छाती, आणि त्यावरून समोरची, मानाची जागा. हा शब्द आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही, कारण किल्ल्यावरची ‘सदर’, जिच्यावर बसून कारभार होई, तीच ही. ‘सदरहू’मध्ये तो आहे, आणि छातीवर येणाऱ्या ‘सदऱ्या’तही तोच आहे.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा दुवा. फातिह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या मेहमेद सुलतानाच्या कानूननाम्यात, म्हणजे कायदेसंग्रहात, वजीर-ए-आझमाला सर्व कारभाराचा ‘वकील-ए-मुतलक’ म्हटले आहे. मराठी इतिहासाच्या वाचकाला ही पदवी चांगली ठाऊक आहे, कारण 1784 मध्ये महादजी शिंदे यांच्या प्रयत्नांनी शाह आलम बादशहाने ती पेशव्यांना दिली आणि महादजींना त्यांचे नायब केले, आणि 1792 मध्ये त्या बहुमानाची फर्माने व वस्त्रे पुण्यात समारंभाने अर्पण झाली. ‘वकील’ या शब्दाचा कोर्टातला अर्थ अलीकडचा आहे. मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, वागणारा प्रतिनिधी असा असून तो ‘वकिलात’ या शब्दात अजून जिवंत आहे. ‘मुतलक’ म्हणजे मोकळा, अनिर्बंध. त्यामुळे सोकोल्लूचे वर्णन ‘सुलतानाचा वकील-ए-मुतलक’ असे एकदा केले, तर मराठी वाचकाला त्या अधिकाराचे स्वरूप लांबलचक तळटीपेवाचून कळेल.

दुसरा प्रतिसाद

वरचे विवेचन मान्य करूनही एक शंका मांडतो. लेख कोणासाठी आहे, हेही पाहावे लागेल. शाळकरी वाचकाला ‘वजीर-ए-आझम’ म्हणजे परीकथेतले पात्र वाटते, तर ‘पंतप्रधान’ म्हटले की देश चालवणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. निदान ‘पेशवा’ तरी लिहावे. तो शब्द फारसीतूनच आला आहे, अर्थ ‘पुढारी’ असा आहे, आणि राज्यव्यवहारकोशानेही पेशव्याला ‘प्रधान’ असा प्रतिशब्द दिला आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शंका रास्त आहे, परंतु ‘पंतप्रधान’ आणि ‘पेशवा’ हे दोन्ही शब्द येथे वेगवेगळ्या कारणांनी चुकीची कल्पना देतात.

आजच्या अर्थाने पंतप्रधानाचा अधिकार सभागृहातल्या बहुमतातून येतो. सोकोल्लूचा अधिकार एका वस्तूत होता. ती म्हणजे सुलतानाची मुद्रा, ‘मुहर-इ हुमायून’, जी वजीर-ए-आझम स्वतःच्या अंगावर बाळगत असे. मुद्रा मिळाली की पद मिळाले, मुद्रा परत मागितली की पद गेले, मधे कोणताही ठराव नाही. ‘मुहर’ म्हणजे आपली ‘मोहोर’च, आणि ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोज वापरणाऱ्या भाषेला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

या मुद्रेचे बळ किती, हे 1566 च्या सिगेटवारच्या वेढ्यात दिसले. हंगेरीतल्या त्या किल्ल्याला उस्मानी फौज ऑगस्टपासून वेढा देऊन होती आणि मिक्लोश झ्रिन्यी तो लढवत होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, किल्ला पडण्याच्या अगदी तोंडावर, सत्तरी ओलांडलेला सुलेमान आपल्या तंबूत वारला. ही बातमी फुटली असती, तर नव्या सुलतानाकडून बक्षिसाची अपेक्षा ठेवणारे जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाचे सैनिक, परमुलुखात बिथरले असते. सोकोल्लूने मृत्यू लपवला. राजपुत्र सेलीम त्या वेळी आनातोलियात कुताह्या येथे होता. त्याच्याकडे गुप्तपणे निरोप गेला. इकडे हुकूम सुलेमानच्याच नावाने सुटत राहिले, किल्ला घेतला गेला, त्याच्या डागडुजीचे काम सुरू झाले आणि फौज परतीच्या वाटेला लागली. सेलीम बेलग्रेडला येऊन पोहोचेपर्यंत, म्हणजे सुमारे दीड महिना, एका मृत माणसाच्या नावाने साम्राज्य चालले. येथे ‘पंतप्रधानाने मृत्यू लपवला’ असे लिहिले, तर ती लबाडी वाटते. ‘वकील-ए-मुतलकाने’ असे लिहिले, तर धन्याच्या जागी उभे राहण्याचा त्याचा अधिकार आणि त्या अधिकाराची कसोटी, दोन्ही कळतात.

‘पेशवा’बद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. दख्खनमध्ये हे पद जुने आहे, पण मराठी मनात तो शब्द आता भट घराण्याशी, वंशपरंपरेशी आणि साताऱ्याहून येणाऱ्या वस्त्रांशी जखडला गेला आहे. सोकोल्लूचे पद वंशपरंपरागत नव्हते, होऊ शकतही नव्हते. त्याचे कारण ‘कुल’ या शब्दात आहे.

सोकोल्लू बोस्नियातल्या एका सर्ब ख्रिस्ती कुटुंबात 1505 च्या सुमारास जन्मला. विशेग्रादजवळच्या डोंगराळ भागातले हे घराणे सोकोलोविच या नावाने ओळखले जाई. ‘सोकोल’ म्हणजे ससाणा. तुर्कीत ‘-लू’ किंवा ‘-ली’ हा प्रत्यय गावावरून, कुळावरून माणसाची ओळख सांगतो, म्हणून ‘सोकोल्लू’ची घडण आपल्या ‘-कर’ लावलेल्या आडनावासारखी आहे. किशोरवयात त्याला ‘देवशिर्मे’मध्ये उचलले गेले. या तुर्की शब्दाचा अर्थ ‘वेचणे, गोळा करणे’ असा आहे. बाल्कनमधल्या ख्रिस्ती खेड्यांतून मुलगे वेचून नेत, त्यांना मुसलमान करीत, आणि त्यांतल्या हुशार मुलांना राजवाड्यातल्या शाळेत शिकवीत. ही मुले आईबापांपासून बळाने तोडली जात, हे लेखात स्पष्ट लिहावे, पुढच्या वैभवाने ते झाकू नये.

‘कुल’ला नुसते ‘गुलाम’ म्हटले की बाजारात विकलेला, राबणारा माणूस समोर येतो. सोकोल्लू बार्बारोसा हैरुद्दीनच्या मृत्यूनंतर 1546 मध्ये आरमाराचा कपुदान पाशा झाला, पुढे रुमेलीचा, म्हणजे बाल्कनमधल्या मुलखाचा, बेयलरबेय (सुभेदार) झाला, 1551 मध्ये बानात प्रांतात फौज घेऊन गेला, तेथे अनेक ठाणी त्याने जिंकली पण तेमेश्वारचा वेढा त्याला उठवावा लागला. 1562 मध्ये सेलीमची मुलगी इस्मिहान हिच्याशी त्याचे लग्न झाले. या सर्व काळात तो कुलच होता. त्याचा प्राण आणि त्याची मालमत्ता, दोन्ही कायद्याने सुलतानाच्या इच्छेवर अवलंबून होती. मराठी वाचकासाठी मलिक अंबरचा दाखला येथे उपयोगी पडेल. विकला गेलेला एक हबशी मुलगा निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ‘गुलाम’ आणि ‘कारभारी’ या शब्दांचे एका माणसात राहणे आपल्याला अशक्य वाटत नाही. तरी मी ‘कुल’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्या वापरात ‘सुलतानाचा बंदा सेवक’ असा खुलासा देईन.

वतनाची कल्पना येथे उलट बाजूने कामी येते. देशमुखाचे वतन मुलाकडे जाते. कुलाची संपत्ती मात्र जप्त होऊ शकते. ती टिकवण्याचा मार्ग म्हणजे ‘वक्फ’, धर्मादाय दान. सोकोल्लूने मशिदी, मदरसे, कारवांसराया आणि पूल बांधून त्यांना उत्पन्ने लावून दिली. मिमार सिनान याने आखलेला, ड्रीना नदीवरचा विशेग्रादचा अकरा कमानींचा दगडी पूल त्यांतलाच. 1577 मध्ये पुरा झालेला हा पूल सोकोल्लूच्या जन्मभूमीत आहे आणि 2007 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ज्या मुलखातून त्याला उचलून नेले, तेथेच त्याने पूल बांधला, आणि 1557 मध्ये पेचचे सर्बियन धर्मपीठ पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्यावर मकारिये सोकोलोविच हा त्याचा नातलगच बसला. त्याच्या मनात काय होते, ते कागदपत्रे सांगत नाहीत, पण या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर ‘धर्म बदलला म्हणजे घर तुटले’ असे सरळ विधान मला करवत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ‘वजीर-ए-आझम’ आणि ‘कुल’ हे शब्द तसेच ठेवतो. दोन लहान शंका उरल्या. ‘पाशा’ नावाआधी लिहावे की नंतर? आणि ‘मेहमेद’ लिहावे की ‘महंमद’?

उत्तर

‘पाशा’ नेहमी नावानंतर लिहावे. तो दर्जा आहे, पद नव्हे. आपल्याकडे ‘राव’, ‘पंत’, ‘खान’ जसे नावामागून येतात, तसाच तो येतो. ‘बेयलरबेय’मधला ‘बेय’ म्हणजे आपल्याकडचा ‘बेग’, ज्याची जोडी ‘बेगम’ या शब्दात दिसते, आणि पूर्ण पदवीचा अर्थ ‘बेगांचा बेग’. ‘कपुदान’ इटालियन भाषेतून तुर्कीत गेला, आणि आपला ‘कप्तान’ही त्याच मुळाचा आहे. ‘रुमेली’ म्हणजे रूमचा, जुन्या पूर्व रोमन साम्राज्याचा, मुलूख. जुन्या मराठीतल्या ‘रूमशाम’ या जोडशब्दातला ‘रूम’ तोच, आणि तोफा ओतणारे ‘रूमी’ त्याच नावाने दख्खनमध्ये ओळखले जात. विजापूरची मुलुखमैदान तोफ अशाच एका रूमी कारागिराने 1549 मध्ये अहमदनगरला ओतली.

‘मेहमेद’ हे ‘महंमद’चेच तुर्की रूप आहे. त्या माणसाला ज्या नावाने हाक मारली जाई, ते लिहावे, म्हणून ‘मेहमेद’. तुर्कीत त्याच्या उंचीवरून त्याला ‘तवील’ म्हणजे लांब, उंच असेही म्हणत. मराठीत हा शब्द रुळलेला नाही, म्हणून अर्थ देऊन वापरावा.

सागरी राजकारणावर लिहिताना एक काळजी घ्यावी. 1568 मध्ये सुएझची संयोगभूमी खणून कालवा काढता येईल का, हे पाहण्याचा हुकूम मिसरच्या सुभेदाराला गेला, आणि हिंदी महासागरातल्या पोर्तुगिजांना शह देणे हा त्याचा हेतू होता. तो कालवा झाला नाही. 1569 मध्ये डॉन आणि व्होल्गा या नद्या जोडण्याचा प्रयत्नही अर्धवट सोडावा लागला. यांना ‘योजना’ म्हणावे, ‘कामगिरी’ म्हणू नये. सायप्रसवरील स्वारीला त्याचा विरोध होता, तरी 1571 च्या लेपांतोच्या पराभवानंतर एका हिवाळ्यात नवे आरमार उभे करण्याचे काम त्याच्याच देखरेखीखाली झाले, आणि ही मात्र खरी कामगिरी आहे.

शेवटच्या प्रसंगासाठी एक शब्द सुचवतो. तिसऱ्या मुरादच्या काळात त्याची माणसे एकेक करून दूर केली गेली. त्याचा विश्वासू चिटणीस फेरिदून बेय पदावरून गेला, आणि 1578 मध्ये बुदाचा सुभेदार असलेला त्याचा चुलतभाऊ मुस्तफा पाशा मारला गेला. मुद्रा मात्र त्याच्याकडेच राहिली. 1579 च्या ऑक्टोबरमध्ये तो आपल्या वाड्यात तिसऱ्या प्रहरी दिवाण भरवून लोकांची गाऱ्हाणी ऐकत असताना, दरवेशाच्या वेषातला एक माणूस अर्ज देण्याच्या मिषाने पुढे आला आणि त्याने सुरा चालवला. तुर्कीत अशा कागदाला ‘अर्झुहाल’ म्हणतात, अरबी ‘अर्ज’ आणि ‘हाल’ मिळून, म्हणजे आपली स्थिती वर मांडणे. येथे ‘निवेदन’ किंवा ‘विनंतीपत्र’ न लिहिता आपला रोजचा ‘अर्ज’च लिहावा.