मदत हवी आहे : कॉर्नियाच्या पेशींखाली सलग पटल तयार होत नाही

नमस्कार. गाईच्या डोळ्यातील कॉर्नियाच्या (पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) एंडोथेलियल, म्हणजे आतल्या अस्तराच्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या स्वतःखाली डेसेमेट पटलासारखा (डोळ्यात या पेशींना लागून असलेल्या पातळ पटलासारखा) थर कसा रचतात, याचा मी अभ्यास करीत आहे. (माणसाच्या याच पेशी डोळ्यात जवळजवळ विभाजितच होत नाहीत, म्हणून गाईच्या निवडल्या.)

सच्छिद्र इन्सर्टवर (भांड्यात बसवलेल्या बारीक छिद्रांच्या पडद्यावर) पेशी आठवड्याभरात एकमेकींना भिडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना छान दिसते. परंतु चार आठवड्यांनंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या छेदांत सलग थराऐवजी तुटक, कापसाच्या पुंजक्यांसारखे द्रव्य आढळते. प्रतिपिंडांनी तपासले असता चौथ्या प्रकारचे कोलॅजन व लॅमिनिन (अशा पटलांतील प्रथिने) मिळते, मात्र या पटलाची खरी ओळख असलेले आठव्या प्रकारचे कोलॅजन जेमतेम ठिपक्यांपुरते दिसते.

माझा पहिला संशय क जीवनसत्त्वावर आहे, कारण त्याच्याविना कोलॅजनची तिहेरी सर्पिल रचना स्थिर राहत नाही आणि साधे अॅस्कॉर्बिक आम्ल ३७ अंश सेल्सिअसला माध्यमात (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावात) लवकर निकामी होते. मी तर माध्यम तीन दिवसांनी एकदाच बदलत होतो, हे आता खटकते. त्याऐवजी टिकाऊ फॉस्फेट रूप वापरणाऱ्यांनी त्याचे प्रमाण किती ठेवले?

दुसरे असे की, तिसऱ्या पॅसेजनंतर (पेशी काढून नव्या भांड्यात वाढवण्याच्या फेरीनंतर) काही पेशी लांबट, फायब्रोब्लास्टसारख्या (संयोजी ऊतीच्या पेशींसारख्या) होऊ लागतात. अशा वेळी टीजीएफ-बीटाचा (असा बदल घडवू शकणाऱ्या संकेत-प्रथिनाचा) मार्ग रोखणारे द्रव्य घातल्यास पटलाची निर्मितीच मंदावेल का? पेशी भिडल्यावर माध्यमातील सीरम (रक्तातून मिळवलेला वाढ-पोषक द्रव) कमी करून किती आठवडे थांबावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.